कमांड लाइनच्या साधनांसाठी झॉड : वर्षभराच्या वापरानंतर

टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे टाइपची जोड दिलेल्या जावास्क्रिप्टमध्ये, कमांड लाइनचे साधन लिहिताना मुरलेल्या माणसालाही एका गोष्टीचा विसर पडतो, ती म्हणजे टाइप (कोणती किंमत कोणत्या प्रकारची, याची नोंद) फक्त कंपाइल होईपर्यंतच सोबत असतात. प्रोग्रॅम चालू लागला की ते पुसले गेलेले असतात आणि टर्मिनलवरून हाती येते ती निव्वळ स्ट्रिंगांची, म्हणजे अक्षरी मजकुराच्या तुकड्यांची रांग. जुन्या लॉग फाइली पुसणाऱ्या माझ्या एका स्क्रिप्टने हा धडा मला महागात शिकवला. किती दिवसांपूर्वीच्या फाइली पुसायच्या, ती संख्या शेलच्या व्हेरिएबलमधून येत असे. एका रात्री ते व्हेरिएबल रिकामे राहिले, जावास्क्रिप्टने रिकाम्या स्ट्रिंगचे शून्य केले आणि शून्य दिवसांपेक्षा जुन्या म्हणजे सगळ्याच फाइली गेल्या.

त्यानंतर मी झॉडकडे वळलो. कॉलिन मॅकडॉनेल यांनी २०२० मध्ये पुढे आणलेली ही माहिती तपासणारी लायब्ररी दुसऱ्या कोणत्याही पॅकेजवर अवलंबून नाही. स्कीमा, म्हणजे माहिती कशी असावी याचा आराखडा, एकदा लिहिला की त्यातूनच टाइपही काढता येतो, त्यामुळे तपासणी एक सांगते आणि टाइप दुसरेच, असे होत नाही. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १८.३ आवृत्तीत आलेले आणि २० मध्ये स्थिरावलेले, आज्ञेतले पर्याय वेगळे करणारे ‘पार्सआर्ग्स’ मला यासोबत पुरते. त्याला पर्यायांचे स्ट्रिंग आणि बूलियन (खरे की खोटे) एवढेच दोन प्रकार कळतात, पुढची पारख झॉड करतो. झॉडचा तपासणी करणारा ‘सेफपार्स’ एका चुकीपाशी थांबत नाही, सगळ्या पर्यायांतल्या चुका एकदमच पुढे ठेवतो. आज्ञा तीनदा चालवून तीन चुका शोधण्याचा वैताग ज्यांनी सोसला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र झॉड आणला म्हणजे निर्धास्त झालो, असे कोणी समजू नये. स्ट्रिंगचा प्रकार बदलून देणारा त्याचा ‘कोअर्स’ आतून जावास्क्रिप्टचेच रूपांतर वापरतो, म्हणून रिकाम्या स्ट्रिंगचे तिथेही शून्यच होते. आधीच ठरवलेली किंमत भरणारा ‘डीफॉल्ट’ लावूनही उपयोग नाही, कारण तो पर्याय मुळीच दिला नसेल तेव्हा कामी येतो, रिकामा दिला असेल तेव्हा नाही. माझ्या स्क्रिप्टला वाचवते ती पूर्णांकाची आणि किमान एकची अट, जी मलाच लिहावी लागली. बूलियनचे तर विचारूच नका : स्ट्रिंग म्हणून घेतलेल्या ‘फोर्स’ पर्यायाला कोणी ‘फॉल्स’ दिले, तरी ती स्ट्रिंग रिकामी नाही म्हणून कोअर्स तिला खरे मानतो. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत आलेला ‘स्ट्रिंगबूल’ यावरचा उतारा आहे. तो ‘यस’, ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’ यांसारखे ठरावीक शब्द नीट ओळखतो आणि बाकीचे सरळ नाकारतो. केवळ यासाठीही जुनी आवृत्ती सोडावी, असे माझे मत आहे. चुका वाचनीय करून छापणारा ‘प्रेटिफायएरर’ही याच आवृत्तीत मिळतो.

पोट-आज्ञांचे मोठे साधन बांधायचे असेल, तर पार्सआर्ग्सऐवजी कमांडर ही लायब्ररी घ्यावी आणि झॉड तिच्या मागे उभा करावा. पार्सआर्ग्स आणि झॉडच्या माझ्या जोडीत ‘हेल्प’चा मजकूर आपोआप तयार होत नाही, तो हाताने लिहून स्कीमाबरोबर आठवणीने बदलावा लागतो. गेल्या महिन्यात माझ्या स्क्रिप्टची हेल्प तीस दिवस सांगत होती आणि स्कीमा चौदा धरून चालला होता.