लहान संघाचा प्रशिक्षक: करंडक मोजावेत की गुण?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार अशा बलाढ्य तालमींच्या फुटबॉल संघांसमोर उतरणाऱ्या लहान संघाच्या प्रशिक्षकाला केवळ करंडकांवरून तोलणे मला अन्यायाचे वाटते, कारण बाद पद्धतीत टायब्रेकरच्या पाच-पाच पेनल्टी साऱ्या मेहनतीचा निकाल लावून जातात. साखळीत मात्र विजयाला 3 आणि बरोबरीला 1 गुण असल्याने सरासरी काढता येते: सात सामन्यांत 2 विजय, 3 बरोबरी म्हणजे 9 गुण, सामन्यामागे सुमारे 1.29. तरीही शेवटच्या दहा मिनिटांत, पायात गोळे आलेल्या बचावपटूला बसवून पेठेतल्याच सतरा वर्षांच्या पोराला उतरवण्याचे धाडस गुणतक्त्यात दिसत नाही. करंडकाने पेठेत गुलाल उधळतो, हे खरे; पण परदेशी खेळाडू आणण्याची ऐपत नसलेल्या संघाचे मी आधी गुणच पाहीन, तेही त्याच्या मागच्या हंगामाशी ताडून.