बंडखोरांची पहिली डार्ट्स स्पर्धा: खेळ झकास, रचना अडखळती

बीडीओ या ब्रिटिश डार्ट्स संघटनेशी फाटल्यावर नामवंत खेळाडूंनी वेगळी चूल मांडली आणि १९९३च्या नाताळानंतर इंग्लंडात, पर्फ्लीटच्या सर्कस टॅव्हर्नमध्ये, स्वतःची जागतिक स्पर्धा भरवली. जुनं चित्रण पाहिलं. खेळाला पैकीच्या पैकी गुण. रचना मात्र काठावर पास.

२४ जण, तिघातिघांचे ८ गट, गटातला एकच थेट उपांत्यपूर्व फेरीत. एकाने दोन्ही सामने जिंकले की उरलेल्या दोघांची लढत कधीकधी नुसता उपचार! बरं, एका पराभवाने लगेच घरी जावं लागत नाही, हे मान्य. पण डार्ट्समध्ये ती टांगती तलवारच हवी ना?

अंतिम सामन्यात डेनिस प्रिस्टलीने फिल टेलरला ६-१ असं लोळवलं. एकतर्फी, तरी मी जागची हलले नाही. हाच टेलर १९९५पासून सलग ८ वेळा जिंकला.