कोल्हापूर ते अहमदाबाद: पार्ट लोड सेवेचा तीन हंगामांचा अनुभव

गेले तीन हंगाम आमच्या पेढीचा गूळ एकाच ट्रान्सपोर्ट कार्यालयामार्फत अहमदाबादला जात आहे. पुढे एक तक्रार मांडायची असल्याने कार्यालयाचे नाव देत नाही. शिवाय कोल्हापूरच्या मार्केट यार्ड आणि गांधीनगर भागात याच पद्धतीने काम करणारी इतरही कार्यालये असल्याने, हे अनुभव लहान व्यापाऱ्यांना उपयोगी पडतील असे वाटते.

आमची खेप बहुधा चाळीस ते साठ खोक्यांची असते, म्हणजे पूर्ण ट्रक भरेल इतकी कधीच नसते; म्हणून ती इतरांच्या मालासोबत एकाच ट्रकमधून, म्हणजे ‘पार्ट लोड’ने जाते. सकाळी दूरध्वनी केला की तिन्हीसांजेपर्यंत टेम्पो दाराशी येतो, नगांची संख्या आणि वजन समोर मोजून बिल्टी (माल स्वीकारल्याची पावती) हातात मिळते, आणि भाडे पेड (पाठवणाऱ्याने भरलेले) की टू-पे (माल घेणाऱ्याने भरायचे) याचीही नोंद तिथेच होते. सुमारे नऊशे किलोमीटरचे अंतर कापून माल बहुतेक वेळा तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी पोहोचतो. नग कमी भरल्याची तक्रार तीन हंगामांत एकदाही आली नाही, आणि हे मला भाड्याच्या दरापेक्षाही महत्त्वाचे वाटते.

एवढ्या लहान मालाला दारातून उचलण्याची सोय मिळणे आज साहजिक वाटते, परंतु या पेठेची घडण रेल्वेवर झालेली आहे. मिरजेहून कोल्हापूरपर्यंत गाडी १८९१ साली आली, त्यानंतर चारच वर्षांनी शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली आणि ती गुळाची मोठी पेठ झाली. आजही या मार्गावर गूळ मार्केट नावाचे स्थानक आहे. १९७१ मध्ये रुंद मार्ग (ब्रॉडगेज) होईपर्यंत मुंबईकडे जाणारा माल पुण्यात एका वाघिणीतून (मालडब्यातून) उतरवून दुसरीत भरावा लागे, तरीही आमच्या आजोबांच्या पिढीचा माल रेल्वेनेच जात असे, कारण एखाद-दुसरी वाघीण भरण्याइतका माल चार अडत्यांनी मिळून सहज जमत असे.

१९८० च्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक कमी करत नेऊन एका ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणाऱ्या पूर्ण रेकवर, म्हणजे अख्ख्या मालगाडीवर, भर दिला. कोळसा, लोहखनिज, सिमेंट यांसाठी तो निर्णय योग्यच होता, आणि आकडेही तसेच सांगतात: १९५०-५१ मध्ये रेल्वेने सुमारे ७.३ कोटी टन माल वाहिला होता, तर २०२३-२४ मध्ये १५८ कोटी टनांहून अधिक, आणि त्यात निम्म्याच्या आसपास कोळसा. मात्र याच काळात देशांतर्गत मालवाहतुकीतील रेल्वेचा वाटा ८० टक्क्यांच्या वरून तीस टक्क्यांच्या खाली उतरला. बंद वाघिणींचा एक रेक भरायला अडीच हजार टनांच्या आसपास पोती लागतात. आमच्यासारख्याने ती कोठून आणायची? प्रवासी गाडीच्या पार्सल डब्याचा पर्याय आहे, पण त्यात दोन्ही टोकांना टेम्पो आणि दोनदा हमाली आलीच.

ट्रकने ही पोकळी भरून काढली. चार महानगरे जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन योजनेत पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमांवरील करनाके गेले, आणि १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांवरील आंतरराज्य मालाला ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा ऑनलाइन दस्तऐवज, लागू झाले. हे बिल आमच्याकडून नीट भरून घेण्याचे काम या कार्यालयातील मुनीम ज्या आस्थेने करतात, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही.

तक्रार पावसाळ्याची आहे. गेल्या जुलैमध्ये वाटेतील गोदामात आमची खोकी दुसऱ्या ट्रकमध्ये चढवताना उघड्यावर राहिली आणि अकरा खोक्यांतील गुळाला पाणी सुटले. नुकसानभरपाई मागितली, तेव्हा बिल्टीवरील ‘मालकाच्या जोखमीवर’ हे शब्द दाखवण्यात आले. त्या खेपेचे भाडे त्यांनी घेतले नाही, पण मालाचे पैसे आमच्याच अंगावर पडले. मधल्या गोदामातील हमालांवर कार्यालयाचे लक्ष नाही, ही या सेवेची खरी उणीव आहे, आणि गुळासारखा ओल धरणारा माल पाठवणाऱ्याने ती आधीच जाणून घ्यावी.

दुसरी अडचण त्यांच्या हातातली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. राष्ट्रीय रेल्वे योजनेने २०३० पर्यंत रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. मालगाडीला टनामागे ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधन लागत असल्याने मला ते मनापासून हवे आहे. पण मिरजेत किंवा कोल्हापुरात चार-पाच व्यापाऱ्यांचा माल एका कंटेनरमध्ये एकत्र करून घेणारी व्यवस्था उभी राहिल्याशिवाय त्या वाट्यात आमचा गूळ मोजला जाणार नाही.

तोवर ऑक्टोबर ते मे या काळासाठी मी या कार्यालयाची शिफारस निःसंकोच करतो. जूनपासून मात्र आम्ही मालाचा विमा उतरवूनच खोकी देणार आहोत, आणि मधल्या गोदामात गाडी बदलायची नाही, अशी अट बिल्टीवर लिहून घेणार आहोत. मुनिमांनी ती मान्य केली आहे. त्यासाठी भाडे थोडे जास्त द्यावे लागेल.