गळाचा संच नऊ महिने वापरल्यावर: खरेदी गरीकडून सुरू करायला हवी होती

नऊ महिन्यांपूर्वी मी गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी पहिला पूर्ण संच घेतला. सात फुटी, दोन तुकड्यांचा मध्यम ताकदीचा रॉड, ३००० आकाराचं स्पिनिंग रीळ, ०.२८ मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि गऱ्यांची, म्हणजे हुकांची, एक डबी. तेव्हापासून आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, तळ्यावर जातो. बहुतेक वेळा संथ पाणी असतं आणि मिळतात ते कार्प, तिलापिया आणि मिशीवाले कॅटफिश. इतक्या वापरानंतर काय टिकलं, काय बिघडलं आणि कुठे माझं चुकलं ते सगळं लिहितोय, कारण घेण्याआधी मला असं काही वाचायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

आधी मुख्य गोष्ट. मी रॉड निवडण्यात तीन आठवडे घालवले, रिळासाठी एक आठवडा, दोऱ्याला दहा मिनिटं, आणि गरी तर समोर दिसली ती उचलली. हा क्रम पूर्ण उलटा हवा. माशाच्या तोंडात गरी आणि आमिष जातं, त्यामागे गाठ, त्यामागे दोरा, मग रीळ आणि सगळ्यात शेवटी रॉड. गेल्या नऊ महिन्यांत माझे जे मासे सुटले, त्यातला एकही रॉडमुळे सुटला नाही.

तरी रॉडबद्दल थोडं. माझा रॉड कार्बन आणि फायबरग्लास मिसळून केलेला आहे. निव्वळ कार्बनचा रॉड हलका असतो आणि तळाशी आमिषाला झालेला बारीक स्पर्शही हाताला कळतो, पण दगडावर आपटला की तडकतो. फायबरग्लास जड आणि थोडा आळशी, पण मार सोसतो. नवख्या हातासाठी मिश्रण ठीक आहे. ताकद आणि ॲक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यात मी सुरुवातीला गोंधळलो. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती ताकद, आणि तो कुठून वाकतो ती ॲक्शन. फास्ट रॉडचा फक्त शेंडा वाकतो, मॉडरेट रॉड मध्यापर्यंत कमान घेतो. पीठ, मका असं मऊ आमिष टाकायचं असेल तर मॉडरेट घ्या. फास्ट रॉडने फेकताना झटका बसतो आणि कणकेचा गोळा हवेतच सुटतो. मुठीच्या वर छापलेला, किती वजन फेकायचं तो आकडाही वाचाच. माझ्या रॉडवर १० ते ३० ग्रॅम लिहिलंय. त्यात शिसं (दोऱ्याला लावायचं वजन) आणि आमिष दोन्ही धरायचं असतं.

चौथ्या महिन्यात दोरा वरचेवर खरवडल्यासारखा दिसायला लागला. रिळावर संशय घेतला, मग पाण्यातल्या दगडांवर. शेवटी कापसाचा बोळा रॉडवरच्या, दोरा जातो त्या एकेका रिंगमधून फिरवला, तर शेंड्याच्या रिंगमध्ये तंतू अडकले. आतल्या सिरॅमिकच्या कड्याला डोळ्याला न दिसणारी चीर होती. रॉड गाडीत टाकताना शेंडा कुठेतरी आपटला असणार. तेव्हापासून दर महिन्याला कापूस फिरवतो. दोन मिनिटांचं काम आहे. आणि कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली रॉड उभा करू नका, ढग गडगडायला लागले की तो खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हा. यात सूट नाही.

रिळाबद्दल मी समाधानी आहे. ज्या रिळात स्पूल (दोऱ्याची फिरकी) जागेवर राहतं आणि त्याभोवती फिरणारा भाग दोरा गुंडाळतो (आता तिथे बेलची, म्हणजे तारेची, कडी असते), त्याचं पेटंट इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली घेतलं. कापडगिरणीच्या धंद्यातला हा माणूस. बॉबिनच्या टोकावरून सूत कसं सरसर सुटतं हे ज्याने रोज पाहिलंय, त्यालाच हे सुचणार. हलकं आमिष लांब जातं ते याच रचनेमुळे, आणि दोऱ्याला पीळ पडतो तोही हिच्यामुळेच. माझ्या रिळाचं गिअरचं प्रमाण ५.२ ला १ आहे, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात कडी पाच वेळांहून जास्त फिरते. मासा दोरा ओढत असताना, ड्रॅग (जास्त ओढ बसली की दोरा सोडणारा रिळातला ब्रेक) सुटत असताना आपण घाबरून हँडल फिरवत राहिलो, तर दोरा आत येत नाही, पण प्रत्येक फेऱ्याला पाच पीळ मात्र चढतात. पहिले दोन महिने मी हेच करत होतो आणि तळ्यावर दर खेपेला गुंता सोडवत बसत होतो. आता मासा पळतोय तोवर हँडलला हात लावत नाही. शिवाय फेकल्यावर कडी हँडल फिरवून नव्हे, हाताने बंद करतो. या दोन सवयींनी माझा गुंता जवळजवळ संपला.

आता दोरा. इथे थोडा वेळ थांबतो, कारण सगळ्यात जास्त शिकलो ते इथेच.

तंगूस म्हणजे नायलॉन. तो ताणला जातो, आणि हा ताण नवशिक्याचा मित्र आहे. मासा अचानक उसळला तर धक्का तो पोटात घेतो. पण नायलॉन पाणी शोषतो आणि भिजल्यावर थोडा कमजोर होतो, उन्हाने कडक होतो, स्पूलवर राहून वेटोळ्याची सवय लागते. वापर बराच असेल तर सहा महिन्यांत बदलावा. दुसरा प्रकार फ्लुरोकार्बनचा दोरा. तो जड असतो, पटकन बुडतो, आणि प्रकाश वाकवण्याचा त्याचा अंक पाण्याच्या जवळचा, साधारण १.४२, म्हणून तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो. पण ताठ असतो, पूर्ण स्पूल भरला तर उड्या मारतो. विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, पॉलिएथिलीनच्या तंतूंचा असतो. तो पाण्यावर तरंगतो, ताणलाच जात नाही, आणि त्याच ताकदीच्या तंगूसपेक्षा खूपच बारीक असतो.

तिसऱ्या महिन्यात मी ब्रेडवर गेलो आणि पहिल्याच आठवड्यात वाटलं, रिळाचा ड्रॅग बिघडला. नॉब पूर्ण आवळला तरी दोरा सुटतच होता. दुकानात परत न्यायला निघालो होतो. नशिबाने स्पूलवर अंगठा दाबून पाहिलं, तर स्पूल स्थिर आणि ब्रेडची अख्खी गुंडाळी त्याच्यावर गोल फिरतेय. ब्रेड गुळगुळीत असतो, धातूला धरत नाही. आधी पाच-सहा मीटर तंगूस गुंडाळून त्यावर ब्रेड बांधला की प्रश्न मिटतो. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोडा.

खरं दुःख झालं ते त्यानंतर. पहाटे गरीला मोठा कार्प लागला. पाण्यातून वर आलेली त्याची पाठ मी पाहिली, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत रुंद वळण घेऊन तो खाली गेला. दोनदा पळाला, दोनदा वळवला. तिसऱ्यांदा रॉड एकदम सरळ झाला. दोऱ्याचं टोक हातात घेतलं तर ते तुटलेलं नव्हतं, स्प्रिंगसारखं वेटोळं झालेलं होतं. म्हणजे दोरा शाबूत, गाठ सरकून सुटली होती. नायलॉनवर जी पाच वेढ्यांची क्लिंच गाठ मला कधी दगा देत नव्हती, ती ब्रेडवर घसरते. आणि माझी गरी त्या माशाच्या ओठात राहिली, ही गोष्ट अजून सलते. तेव्हापासून ब्रेडला पॅलोमर गाठ बांधतो. दोरा दुहेरी करून गरीच्या डोळ्यातून काढायचा, साधी गाठ सैल ठेवून मारायची, मग तयार झालेल्या फासातून गरी ओवायची, थुंकीने ओली करायची आणि हळू आवळायची. ओली करणं विसरू नका. कोरडी गाठ आवळताना घासून गरम होते आणि दोरा तिथेच मरतो. आता ब्रेडच्या पुढे एक मीटर तंगूस युनी गाठीने जोडतो. तो दगडांवर घासणं ब्रेडपेक्षा जास्त सोसतो आणि थोडा ताणही देतो.

ड्रॅग अंदाजाने लावत होतो तेव्हा तो नेहमीच जास्त घट्ट असायचा. आता सामान तोलायचा छोटा काटा दोऱ्याच्या टोकाला अडकवतो, रॉड कमानीत धरतो आणि पाच किलोच्या दोऱ्याला सव्वा ते दीड किलोवर ड्रॅग सुटेल असं बसवतो. म्हणजे तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका. घरी आल्यावर नॉब सैल करतो, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देत सुटतो.

गऱ्यांचे आकडे उलटे चालतात. १० पेक्षा ६ मोठी, ६ पेक्षा २ मोठी, १ नंतर मात्र १/०, २/० असं पुढे जाताना मोठी. माझ्या पहिल्या डबीतल्या गऱ्या फार मोठ्या होत्या. तिलापियाचं तोंड लहान, तो आमिष कुरतडून निघून जायचा. ८ आणि १० वर आलो आणि त्याच दिवशी फरक दिसला. कॅटफिशला सर्कल गरी वापरतो. ती आत वळलेली असते, झटका मारायचा नाही, दोरा ताणत जायचा, गरी आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसते. मासा गिळून बसला की सोडताना जे हाल होतात, ते यामुळे फारच कमी झाले. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटाही पक्कडीने दाबून टाकतो.

आमिषाची गोष्ट रॉडइतकीच, किंबहुना जास्त मोलाची. कॅटफिशच्या फक्त तोंडात नाही, मिशांवर आणि सगळ्या अंगावर चवीच्या ग्रंथी असतात. गढूळ पाण्यात, अंधारातही तो चवीवरून शोधत येतो. म्हणून त्याच्यासाठी गांडुळांचा घोस, आणि तो दर वीस मिनिटांनी बदललेला. पांढरं पडलेलं, रस निघून गेलेलं गांडूळ गरीवर ठेवण्यात अर्थ नाही. कार्पची रीत वेगळी. त्याला जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो आमिष तोंडात ओढतो, चाचपतो, शंका आली की फुंकून टाकतो. म्हणून मक्याचे दाणे गरीवर न लावता गरीखाली केसाएवढ्या बारीक दोऱ्यावर ओवतात, म्हणजे दाणा आत जाताना गरी मोकळी राहते. ही हेअर रिग मी पाचव्या महिन्यात शिकलो आणि त्यानंतर कार्प मिळण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं. वाळका मका वापरणार असाल तर चोवीस तास भिजवून नीट उकळा. कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो.

कणकेच्या गोळ्याला मी आजही मानतो. मळताना त्यात कापसाचे तंतू पिंजून घातले तर गोळा पाण्यात सुटत नाही आणि फेकताना गळत नाही. पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ हवं. घट्ट झालं तर गरी त्यातून बाहेर येत नाही आणि चावा फुकट जातो. थंडीत गोळा अर्ध्याने लहान करतो, कारण थंड पाण्यात माशाचं पचन मंदावतं आणि तो थोडंच खातो.

आवाजाबद्दल एक. कार्प आणि कॅटफिश यांच्या शरीरात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत लहान हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना बारीक आवाजही ऐकू येतो. काठावर डबा आपटला की आसपासचे मासे हलतात. मी आता सगळं सामान चटईवर ठेवतो.

शिशाचे मणी दाताने दाबायची सवय मला होती. ती सोडा. शिसं विषारी आहे. ब्रिटनमध्ये हंस ते गिळून मरायला लागले म्हणून १९८७ मध्ये लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. मी टंगस्टन आणि स्टीलवर आलोय. तुटलेला दोराही खिशात घालून घरी आणतो, पाण्याकाठी पक्ष्याच्या पायाला गुंडाळलेला तंगूस मी एकदा सोडवलाय.

पुन्हा घ्यायचं झालं तर हाच रॉड आणि हेच रीळ घेईन, पण आधी गऱ्या दोन-तीन आकारांत, चांगला दोरा, पक्कड, गरी काढायची चिमटी आणि ओलं ठेवता येईल असं कापड घेईन, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो. शेंड्याची नवीन रिंग आणलीय, या आठवड्यात बसवतो. ब्रेडचा रंग उडालाय, पण ताकद काट्यावर तपासली तर अजून पूर्ण आहे, त्यामुळे तो स्पूलवर उलटा गुंडाळून आणखी एक हंगाम चालवणार आहे.