बारा रविवारांचा ग्रंथपरिचय वर्ग

आमच्या देवघराखालच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेल्या चार पोथ्या आहेत: ज्ञानेश्वरी, गुरुचरित्र, दुर्गासप्तशती आणि दासबोध. वडील नवरात्रात सप्तशतीचा पाठ करीत, दत्तजयंतीपूर्वी गुरुचरित्राचे पारायण सात दिवसांत पुरे करीत आणि वर्षातून दोन-तीनदा नृसिंहवाडीला जाऊन येत. परंतु या पोथ्यांचे एकमेकींशी नाते काय आणि ज्यांना आपण वेद म्हणतो ते या फडक्यात का नाहीत, हा प्रश्न घरात कधी निघाला नाही. कोल्हापुरातील एका जुन्या संस्थेने हिंदू धर्मग्रंथांच्या प्राथमिक परिचयाचा वर्ग जाहीर केला, तेव्हा पंधराशे रुपये भरून मी नाव नोंदविले ते याच प्रश्नापोटी. बारा रविवार, सायंकाळी साडेपाच ते सात, अशी वर्गाची वेळ होती आणि आम्ही तीस-पस्तीस जण होतो. त्यांत निवृत्त मंडळी अधिक असली, तरी महाविद्यालयातील चार-पाच मुलेही शेवटपर्यंत टिकली.

शिकविणारे गृहस्थ संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर श्रुती (म्हणजे वेद) आणि स्मृती (म्हणजे वेदांनंतर माणसांनी रचलेले, परंपरेने मानलेले ग्रंथ) असे दोन रकाने आखले आणि पुढचे अकरा रविवार कोणत्याही ग्रंथाचे नाव निघाले की तो कोणत्या रकान्यात जातो, हे आधी आमच्याकडून वदवून घेतले. वरवर पाहता ही शाळकरी शिस्त वाटते. पण गीता श्रुतीत मोडत नाही, ती महाभारताच्या भीष्मपर्वात आहे आणि म्हणून तांत्रिकदृष्ट्या स्मृती ठरते, हे ऐकून वर्गातील निम्म्या लोकांनी चमकून वर पाहिले. संहिता, ब्राह्मणे, आरण्यके आणि उपनिषदे ही वेदांची चार अंगे त्यांनी दोन बैठकांत मांडली. उपनिषदे वेदांच्या शेवटी येतात, ही व्याख्या पाठ होते न होते तोच ईशावास्य उपनिषद शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेचाच ४०वा अध्याय आहे, हा अपवादही त्यांनी सांगून टाकला. सोपे करताना खोटे होऊ न देण्याची ही काळजी मला या वर्गात सर्वाधिक आवडली.

वेद लिहून न ठेवता शतकानुशतके जसेच्या तसे कसे राहिले, हे त्यांनी सांगितले नाही, करून दाखविले. पहिल्या रांगेतील तिघांना उभे करून प्रत्येकाला एकेक शब्द दिला आणि जटापाठाच्या, म्हणजे शब्द उलटसुलट जोड्यांनी म्हणण्याच्या, क्रमाने म्हणायला लावले: पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा, मग दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा, दुसरा-तिसरा. चौथ्या फेरीला मधल्या काकांनी शब्द चुकविला आणि दोन्ही बाजूंचे शेजारी एकदमच अडले. एका पदाची चूक लगेच दोन ठिकाणी उघडी पडते आणि म्हणूनच ती पुढच्या पिढीपर्यंत जात नाही, हे त्या हशातच सर्वांना कळले. घनपाठ ही पाठांतराची पुढची पद्धत याहून किती गुंतागुंतीची असते, याची कल्पना त्यानंतर वेगळी द्यावी लागली नाही.

महाभारताची बैठक मात्र थोडी तापली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण केलेली चिकित्सक (म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली) आवृत्ती सरांनी वर्गात आणली होती आणि तिचे आदिपर्व हातोहात फिरविले. पानाच्या वरच्या भागात थोडेसे श्लोक, खाली बारीक टंकात ठिकठिकाणच्या हस्तलिखितांतील पाठभेदांची दाटी आणि जेथे संपादकांना खात्री नाही तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ. आयुष्यभर महाभारत ऐकलेल्या माणसालाही ते पान परके वाटते. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही कथा या आवृत्तीत मुख्य संहितेत नसून परिशिष्टात गेली आहे, असे कळताच मागच्या बाकावरील एका आजींनी, ‘मग आम्ही लहानपणापासून ऐकले ते काय?’ असे रोखठोक विचारले. सरांचे उत्तर मला पटले: कथा खोटी आहे असे संपादक म्हणत नाहीत, सर्व प्रांतांच्या पोथ्यांच्या साक्षीने जेवढे उभे राहते तेवढेच त्यांनी वर ठेवले आणि बाकीचे फेकून न देता खाली जपून ठेवले. आजींचे समाधान झाले नाही, पण त्या पुढच्या रविवारी आल्या.

पुराणांना तीन बैठका मिळाल्या आणि त्यांत कोल्हापूरकरांसाठी खास असे काही होते. सप्तशती हा स्वतंत्र ग्रंथ नसून मार्कंडेय पुराणातील १३ अध्याय आहेत, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु तिच्या मागे जोडल्या जाणाऱ्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीच्या हातांत महाळुंग (लिंबाच्या जातीचे फळ), गदा, ढाल आणि पानपात्र, तर मस्तकी नाग, लिंग आणि योनी सांगितली आहे, हे सरांनी पोथीतून वाचून दाखविले आणि मग अंबाबाईच्या मूर्तीचे वर्णन करा म्हणाले. साडी-अलंकारांनी झाकलेली मूर्ती आम्ही जन्मभर पाहिली. तिच्या हातांत काय आहे, हे वर्गात नीट सांगू शकले ते दोघेच. त्याच रात्री मी फडके सोडून वडिलांची पोथी काढली. तो श्लोक त्यांनी लाल पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवलेला होता.

आता तक्रारी. मोठी तक्रार अशी, की ज्या गावात श्रुती आणि पुराण यांतील फरकाने इतिहास घडविला, त्या गावात हा फरक बारा आठवडे शिकवूनही त्या इतिहासाला एका वाक्यात निरोप देण्यात आला. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त (वेदांतील) नव्हे तर पुराणोक्त (पुराणांतील) मंत्र म्हटले जात आहेत, हे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत यांनी लक्षात आणून दिले आणि त्यातून जो वेदोक्त वाद पेटला, तो १९२० साली क्षात्रजगद्गुरूंच्या, म्हणजे मराठा समाजासाठी नेमलेल्या स्वतंत्र धर्मगुरूंच्या, पीठाच्या स्थापनेपर्यंत पोचला. कोणत्या माणसासाठी कोणत्या रकान्यातील मंत्र म्हणायचे, हा प्रश्न येथे कागदावरचा नव्हता. मी तो विचारला, तेव्हा ‘तो विषय वेगळा आहे’ असे उत्तर मिळाले. माझ्या मते तो विषय वेगळा नाही. ग्रंथात काय आहे याचा परिचय करून देताना तो ऐकण्याची मुभा कोणाला होती, हे बाजूला ठेवले, तर परिचय अर्धाच राहतो; आणि पंचगंगेचा घाट वर्गापासून चालत दहा मिनिटांवर असताना तर हे विशेष खटकते.

मराठी ग्रंथांची बोळवण एकाच बैठकीत झाली, हेही मला रुचले नाही. शके १२१२ ची ज्ञानेश्वरी, एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेली तिची पाठशुद्धी, भागवताच्या अकराव्या स्कंधावरील त्यांची स्वतःची टीका आणि दासबोध हे सारे दीड तासात उरकताना सरांचीही दमछाक झाली. नाथांची पाठशुद्धी आणि भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती या एकाच जातीच्या खटपटी आहेत, हा धागा त्यांनी जाता जाता सुचविला आणि घड्याळाकडे पाहून सोडून दिला. त्यासाठी पुराणांची एक बैठक कमी केली असती, तरी चालले असते.

सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि उद्वाहन नाही, याची गुडघेदुखी असणाऱ्यांनी नोंद घ्यावी. मध्यंतरातील चहा चांगला असे.

शुल्कात मिळणारी ऐंशी पानांची पुस्तिका मात्र घाईने छापलेली आहे. तिच्या चौथ्या पानावर ‘ऋग्वेदात १०२८ ऋचा आहेत’ असे वाक्य आहे. १०२८ ही सूक्तांची संख्या होय; एका सूक्तात अनेक ऋचा असतात. दहा मंडलांतील ऋचा साडेदहा हजारांच्या घरात जातात. सरांनी पहिल्या बैठकीतच ही चूक सांगून सर्वांना पेनाने दुरुस्त करायला लावली, त्यामुळे आमच्या तुकडीचे नुकसान झाले नाही; परंतु हीच पुस्तिका कार्यालयात बाहेरच्यांना साठ रुपयांना विकली जाते आणि त्या प्रतींवर शुद्धिपत्र नाही. मी दोनदा सांगितले, दोन्ही वेळा ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ असे ऐकले. नवी तुकडी दसऱ्यानंतर सुरू होणार आहे. नाव जरूर नोंदवावे, आणि पावती घेण्यापूर्वी पुस्तिकेचे चौथे पान तेवढे उघडून पाहावे.