चिऱ्याचा हॅच कुठे चालेल? विंडोज, मॅक आणि लिनक्सवरील पॅट फाइलींचा तुलनात्मक आढावा

ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरबरोबर विटांचे, काँक्रीटचे आणि मातीचे हॅच पॅटर्न, म्हणजे नकाशातील जागा भरणाऱ्या रेषांचे नमुने, तयार मिळतात. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीसाठी मात्र गोव्यातील बहुतेक कार्यालये स्वतःची पॅट फाइल, म्हणजे पॅटर्नची व्याख्या असलेली फाइल, बनवतात किंवा एखाद्या जुन्या ड्राफ्ट्समनकडून मागून घेतात. जोवर सगळे संगणक विंडोजवर आणि सगळे नकाशे ऑटोकॅडमध्ये होते, तोवर ही फाइल कुठून वाचली जाते याचा विचार करण्याची वेळ कोणावर आली नाही. आता त्याच कार्यालयात नव्या वास्तुरचनाकाराचे मॅकबुक असते आणि वार्षिक वर्गणी वाचवण्यासाठी लिनक्सचा विषयही निघतो. अशा वेळी कोणती जोडणी निवडावी हे ठरवणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. हॅच न चालण्याचे कारण पॅटर्नच्या व्याख्येत क्वचितच असते. फाइल कोणत्या एडिटरमध्ये सेव्ह झाली आणि सॉफ्टवेअर तिला कुठे शोधते, या दोन बाबींतच बहुतेक तक्रारींचे मूळ सापडते.

पॅट ही साधी मजकूर-फाइल आहे. पहिल्या ओळीत तारांकन, त्याला जोडून पॅटर्नचे नाव, मग स्वल्पविराम आणि वर्णन येते. त्यापुढील प्रत्येक ओळ रेषांच्या एका समूहाची असते: कोन, आरंभबिंदूचे दोन अंक, पुढील समांतर रेषेपर्यंतची दोन दिशांतील सरक आणि रेषा तुटक असल्यास तुकड्यांची लांबी. धन आकडा म्हणजे रेघ, ऋण आकडा म्हणजे मोकळी जागा आणि शून्य म्हणजे ठिपका. समजा, चिऱ्याचा दर्शनी आकार सांध्यासह ४०० बाय २०० मिलिमीटर धरला, तर आडव्या थरांसाठी ‘०, ०, ०, ०, २००’ आणि उभ्या सांध्यांसाठी ‘९०, ०, ०, २००, २००, २००, -२००’ एवढ्या दोन ओळी पुरतात. दुसऱ्या ओळीतील सरकेमुळे प्रत्येक थराचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मध्यावर येतो. येथे आकडे देवनागरीत छापले असले तरी फाइलीत ते इंग्रजी अंकांतच हवेत. मराठी कीबोर्ड चालू राहिल्यामुळे नाकारली गेलेली फाइल वरवर अगदी निर्दोष दिसते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. वेबपान किंवा पीडीएफमधून उतरवलेल्या ओळींत ऋणचिन्हाच्या जागी लांब डॅश येण्याचा प्रकारही याच जातीचा असतो.

ऑटोकॅडचे दोन नियम विंडोज आणि मॅक दोहोंवर लागू आहेत. स्वतंत्र पॅट फाइलीत एकच पॅटर्न असावा आणि फाइलीचे नाव पॅटर्नच्या नावाशी जुळावे. शिवाय शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेले असावे. ते राहिल्यास सॉफ्टवेअर शेवटची ओळ सोडून देते किंवा फाइल सदोष असल्याचे सांगते.

यापुढे दोन्ही वाटा वेगळ्या होतात. विंडोजवर फाइलीचे एक्स्टेन्शन सामान्यतः लपवलेले असते, त्यामुळे नोटपॅडमधून सेव्ह केलेली फाइल दिसायला पॅट, पण प्रत्यक्षात तिच्या शेपटीला टीएक्सटी चिकटलेले, अशी स्थिती होते. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करणे हा पहिला उपाय आहे. जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची पद्धत निवडल्यास फाइलीच्या आरंभी न दिसणारी खूण लिहिली जात असे, आणि तारांकनाच्या आधी ती आली की शीर्षक ओळखले न जाण्याचा धोका असतो. विंडोज १०च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड मुळात त्या खुणेशिवाय सेव्ह करते. तरीही नाव आणि वर्णन इंग्रजी अक्षरांत ठेवून एएनएसआय ही जुनी साठवण-पद्धत निवडणे सर्वांत निर्धोक. फाइल ठेवण्यासाठी सॉफ्टवेअरचा स्वतःचा सपोर्ट फोल्डर, म्हणजे ते अशा फाइली मुळात जिथे शोधते तो फोल्डर, वापरू नये. तो लपवलेल्या ॲपडेटामध्ये असतो आणि त्याच्या मार्गात आवृत्तीचा क्रमांक असतो, त्यामुळे नवी आवृत्ती घेतली की फाइली मागे राहू शकतात. त्यापेक्षा कार्यालयाचा वेगळा फोल्डर करून ऑप्शन्समधील फाइल्स या टॅबखाली सपोर्ट फाइल सर्च पाथमध्ये त्याची नोंद करावी. तो फोल्डर सर्व्हरवर असेल, तर प्रत्येक संगणकावर त्याची प्रतही असावी. पावसाळ्यात सर्व्हर बंद पडण्याचे प्रसंग आपल्याकडे काही दुर्मीळ नाहीत.

मॅकवर धोक्याची जागा म्हणजे टेक्स्टएडिट. हे ॲप नवी फाइल मुळात रिच टेक्स्ट म्हणून उघडते आणि तशी सेव्ह झालेली फाइल ऑटोकॅडला वाचता येत नाही. शंका असल्यास तीच फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडावी; तारांकनाऐवजी महिरपी कंस आणि आरटीएफ ही अक्षरे दिसली, तर निदान पक्के. फॉरमॅट मेनूतून साधा मजकूर निवडणे, तसेच स्मार्ट डॅशेस बंद करणे हा त्यावरचा उपाय आहे. सपोर्ट फोल्डर वापरकर्त्याच्या लायब्ररीत असतो आणि तीही लपवलेली असते. फाइंडरमध्ये ऑप्शन कळ दाबून ‘गो’ मेनू उघडल्यास ती दिसते. सर्च पाथ येथेही वाढवता येतो, परंतु विंडोजवर सुपरहॅचसारखी (चित्र किंवा ब्लॉक वापरून हॅच भरणारे साधन) जी एक्सप्रेस साधने, म्हणजे जोडसाधने, मिळतात, ती मॅककडून गृहीत धरू नयेत. ज्या कार्यालयात नवे पॅटर्न वारंवार तयार होतात, तेथे माझा कौल विंडोजला आहे. तयार पॅटर्न नुसते वापरायचे असतील, तर मॅक कुठेही उणे पडत नाही.

लिनक्ससाठी ऑटोकॅडची आवृत्ती नाही. तेथे गंभीर पर्याय ब्रिक्सकॅडचा, आणि तो विंडोज व मॅकवरही चालतो. पॅट फाइली तो तशाच वाचतो. त्याच्या मूळ पॅटर्न-फाइलींची नावे मात्र वेगळी आहेत, म्हणून ऑटोकॅडच्या मुख्य फाइलीत घुसडलेले पॅटर्न आधी सुटे करून घ्यावे लागतात. लिनक्समध्ये फाइलनावातील लहान आणि मोठी अक्षरे भिन्न मानली जातात, ही विंडोजवरून येणाऱ्याला सहसा न सुचणारी अडचण आहे. सर्व नावे लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवण्याचा नियम पहिल्याच दिवशी घालून घ्यावा.

विद्यार्थ्यांना किंवा अधूनमधून नकाशे काढणाऱ्यांना क्यूकॅड परवडते. तिन्ही प्रणालींवर चालणारे हे सॉफ्टवेअर पॅट फाइली वाचते आणि मेट्रिक व इंपिरियल असे दोन वेगळे फोल्डर ठेवते. फाइल चुकीच्या फोल्डरात गेली की यादीत दिसत नाही. मॅकवर हे फोल्डर ॲपच्या पोटातच असल्याने ॲप बदलले की आपल्या फाइलीही जातात. लिबरकॅड पूर्णपणे मोफत आहे, पण पॅट वाचतच नाही. त्याला पॅटर्नचा एक आवर्ती तुकडा डीएक्सएफ या नकाशा-फाइलीच्या स्वरूपात काढून द्यावा लागतो, वरील चिऱ्यासाठी ४०० बाय ४०० मिलिमीटरचा. ज्यांच्याकडे आधीच पॅट फाइलींचा साठा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

प्रणाली कोणतीही असो, प्रमाणाचा घोळ वेगळा ओळखावा. ऑटोकॅडमध्ये मेझरमेंट हे चल ० असेल तर इंची फाइल आणि १ असेल तर आयएसओ (मिलिमीटरची) फाइल वापरली जाते, आणि दोहोंत २५.४ पटींचा फरक पडतो. हॅच काळा ठोकळा दिसला किंवा अजिबात दिसला नाही, तर फाइलीला दोष देण्यापूर्वी हे पाहावे. गोव्याच्या सर्वेक्षण नकाशांत आणखी एक खाच आहे. भाग ४३च्या यूटीएम (पृथ्वीवरील जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) निर्देशांकांत उत्तरेकडील आकडा सोळा-सतरा लाख मीटरच्या घरात जातो; मूळबिंदूपासून इतक्या दूर, त्यातही मिलिमीटरमध्ये काम केल्यास हॅचच्या रेषा तुटक वा सरकलेल्या दिसू शकतात. हॅचचा आरंभबिंदू इमारतीच्या कोपऱ्यावर आणल्यास बहुधा फरक पडतो.

नकाशा संरचना अभियंत्याकडे पाठवताना पॅट फाइल सोबत नसली तरी चिऱ्याचा काढलेला हॅच त्याच्या पडद्यावर दिसतो, कारण त्या हॅचच्या रेषांची व्याख्या नकाशाच्या डीडब्ल्यूजी फाइलीमध्येच साठवलेली असते. त्याच नावाचा नवा हॅच मात्र त्याला भरता येत नाही. म्हणूनच ‘आमच्याकडे तर दिसतो’ हे उत्तर फाइल नीट बसल्याचा पुरावा मानू नये. निवड पक्की करण्यापूर्वी प्रत्येक मशीनवर कोरे ड्रॉइंग उघडून त्यात चिऱ्याचा हॅच नव्याने भरून पाहावा.