मोटार चालवण्याचा निर्णय विहिरीवर घ्यावा की सर्व्हरवर?

विहिरीतील पाण्याची पातळी, मातीतील ओल आणि विजेचे तिन्ही फेज तपासून मोटार व ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारी यंत्रणा जालना जिल्ह्यातील एखाद्या मोसंबीच्या बागेसाठी लिहायला घेतली, की प्रोग्रॅमरला सर्वांत आधी ठरवावे लागते ते निर्णयाचे ठिकाण. तो विहिरीजवळच्या पेटीतील कंट्रोलरने घ्यावा, की मोबाइल नेटवर्कपलीकडच्या सर्व्हरने? सेन्सर आणि मोटारीची वीज जोडणारे-तोडणारे स्विच, म्हणजे रिले आणि कॉन्टॅक्टर, दोन्ही रचनांत तेच राहतात. खरा फरक बिघाडाच्या वेळी दिसतो.

सर्व्हरवरच्या रचनेची सोय मोठी आहे. पाण्याचे वेळापत्रक बदलण्यासाठी शेतात जावे लागत नाही, पावसाचा अंदाज विचारात घेता येतो आणि मागील हंगामाच्या नोंदी हाताशी राहतात. त्यासाठी बहुधा एमक्यूटीटी हा यंत्रांमध्ये छोटे संदेश पोहोचवणारा प्रोटोकॉल वापरतात. तो 1999 साली तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी, उपग्रहाच्या तोकड्या जोडणीवर चालावा म्हणून रचला गेला होता. मात्र संदेश पोहोचण्याच्या हमीच्या त्याच्या ‘किमान एकदा’ या पातळीवर एकच संदेश दोनदा येऊ शकतो, म्हणून ‘मोटारीची स्थिती उलट करा’ असा आदेश कधीही लिहू नये. ‘मोटार चालू असावी’ असाच लिहावा. त्याहून मोठा धोका ब्रोकरवर, म्हणजे संदेश पुढे पोहोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरवर, राखून ठेवलेल्या संदेशाचा आहे. रात्री वीज आली, कंट्रोलर जागा होऊन जोडला गेला आणि कालचा ‘चालू’ हा आदेश त्याला आज मिळाला, तर तळ गाठलेल्या विहिरीत मोटार कोरडी फिरू शकते. त्यामुळे प्रत्येक आदेशाला मुदत असलीच पाहिजे.

विहिरीवरच निर्णय घेणाऱ्या रचनेला नेटवर्कची वाट पाहावी लागत नाही. पाणी संपले की पाणबुडी मोटारीचा करंट घसरतो आणि कंट्रोलर तिला लगेच बंद करू शकतो. उणिवा मात्र खऱ्या आहेत. वीज जाताच त्याचे घड्याळ चुकते, म्हणून बटन सेलवर चालणारे वेगळे घड्याळ बसवावे लागते. काळी माती तर अधिकच फसवी आहे: ती सुकताना भेगाळते, सेन्सरभोवती हवेची पोकळी तयार होते आणि मुळांपाशी ओल असतानाही आकडा कोरडा दिसतो. केवळ त्या आकड्यावर भरवसा ठेवणारा प्रोग्रॅम पाणी देतच राहील. दिलेले पाणी आणि वाढलेली ओल यांचा मेळ अनेक दिवसांच्या नोंदींवर घालणे हे काम सर्व्हरच अधिक चांगले करतो.

म्हणून माझे मत असे की, मोटार सुरू करण्याची योजना सर्व्हरने आखावी. बंद करण्याचा अधिकार मात्र नेहमी विहिरीवरच्या कंट्रोलरकडे असावा आणि सलग किती वेळ मोटार चालेल याची कमाल मर्यादाही त्यातच लिहावी. ज्यांची एकच विहीर आणि एकच व्हॉल्व्ह आहे, त्यांनी सर्व्हरच्या खर्चात पडू नये.

दोन्ही रचनांत एक बाब समान ठेवावी. स्टार्टरची हिरवी आणि लाल बटने पूर्वीसारखीच चालली पाहिजेत. तिन्ही फेज असूनही, कंट्रोलरने बंद करण्याचा आदेश दिलेला नसताना करंट शून्यावर आला, तर शेतकऱ्याने लाल बटन दाबले आहे किंवा करंट जास्त झाल्यास मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले पडला आहे असे समजावे, आणि कोणी स्वतः येऊन हिरवे बटन दाबेपर्यंत मोटार पुन्हा सुरू करू नये.